उताराला आडवं

सकाळी ६

मार्च महिन्यात पहिला फोन जेसीबीवाल्याचा असतो. "मॅडम, मशिन रानात उभी हाय. आखणी टाकून द्या, म्हंजे सुरू करतो." मशिनचं भाडं तासावर, आणि तिला मागणारे आणखी दोघं-तिघं रांगेत. उशीर झाला की ती दुसऱ्याच्या रानात जाते. चहा होईपर्यंत मी टेप, खुंट्या, सुतळी, चुन्याची पिशवी आणि फोनची बॅटरी बघून घेते. टेप सरकारी, फोन माझा.

जालना जिल्ह्यात मी कृषी सहायक आहे. २०२५ साली शासनानं पदाचं नाव ‘सहायक कृषी अधिकारी’ केलं. गावात मी अजून ‘कृषीवाल्या मॅडम’च आहे. सज्जात चार गावं. मृद व जलसंधारणाच्या कामाचं वर्ष आणि सरकारी पैशाचं वर्ष यांचं आपसात कधी जमलेलं नाही, आणि त्याचा सगळा ताण मार्चवर येतो. तूर निघाली, हरभरा निघाला की रान रिकामं होतं. बांध घालायचा, तळं खोदायचं, गाळ पसरायचा तो तेव्हापासून मृगापर्यंत. पैशाचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. निधीला जोर असतो तेव्हा रानात कापूस उभा, आणि रान मोकळं होतं तेव्हा वही मिटायची वेळ आलेली. ज्यानं हे वर्ष आखलं त्याच्या घरी कपाशी नसावी.

सकाळी ७

मशिन ज्यांच्या रानात उभी आहे त्या काकांनी तळ्याची जागा आधीच ठरवून ठेवलेली: बोअरच्या शेजारी, रानाच्या उंच कडेला. मी रान उतरत खाली नाल्याच्या बाजूला जाते, तेव्हा तेही मागोमाग येतात, पण नाराजीनं.

"इथं कामून मॅडम? पाईप किती लागंल?"

"काका, पाणी इथं येतंय म्हणून. वर तळं केलं तर त्यात काय पडणार?"

पुढची दहा मिनिटं ह्याच एका गोष्टीवर जातात, आणि ती घालवण्यासारखीच असतात. शेततळं म्हणजे रानावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायची जागा. उंचावर, बोअरला खेटून, प्लास्टिकचं अस्तर लावून केलेलं तळं ही वेगळीच चीज आहे. त्यात पाऊस अडत नाही; हिवाळ्यात जमिनीतून उपसलेलं पाणी त्यात साठवतात आणि उन्हाळ्यात मोसंबीला किंवा द्राक्षाला देतात. ज्याचं बोअर खोल त्याचं तळं भरतं, शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी तळ गाठते, आणि उघड्यावर आणलेल्या त्या पाण्यातलं बरंच ऊन पिऊन टाकतं. बाग वाचते हे खरं. पण त्याला जलसंधारण म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. योजनेच्या कागदावर दोन्हींचं नाव शेततळंच.

काकांची जमीन साडेतीन एकर. त्यांना हवंय सगळ्यात मोठं, ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल. बाजूला एकास एक उतार धरला तर ह्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत शेततळ्याला जास्तीत जास्त ७५ हजार रुपये मिळतात. पण ३० बाय ३० म्हणजे नुसत्या पाण्याखाली नऊ गुंठे, चारी बाजूंचा भराव धरला तर त्याहून पुष्कळ जास्त. साडेतीन एकरवाल्याला ते झेपतं. एकरभर जमीन असलेल्या माणसानं पाव रान तळ्याला दिलं तर त्यानं पेरायचं काय?

लहान शेतकऱ्यासाठी मी नेहमी १५ बाय १५ चा हिशेब मांडते. तीन मीटर खोलीला त्यात ४४१ घनमीटर बसतात, म्हणजे चार लाख लिटरच्या वर. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी फिरवायला दोन लाख लिटर लागतात. झिरपा आणि बाष्प वजा केलं तर एक पुरतं पाणी आणि वर थोडं, तुषार लावले तर दोन. ऐन शेंगा भरताना पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली की सोयाबीनला हे एक पाणी मिळणं आणि न मिळणं यावर अर्धं पीक लटकलेलं असतं. आमच्याकडे पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पडतो. तो कमी नाही, तो एका दमात पडतो आणि मग पाठ फिरवतो. लहान तळ्याचं काम त्या मधल्या खंडापुरतं. आकार घटला की अनुदानही घटतं, म्हणून मागणी मोठ्याचीच.

काका शेवटी मधला आकार घेतात. चुना टाकला, चार कोपऱ्यांचे फोटो घेतले, शेतकऱ्यासह एक. पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा ठेवायला सांगितला. जाताना कुंपणाचंही बोलते. अस्तर लावलेल्या तळ्यात पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. दरवर्षी राज्यात कुठे ना कुठे पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. आत लोंबणारा गाठींचा जाड दोर आणि चार बाजूंनी तार, एवढं तरी करा काका. ते "हो" म्हणतात. करतील की नाही ते जूनमध्ये कळेल.

सकाळी साडेनऊ

खरा विषय ह्या दुसऱ्या रानात आहे.

तीन भावांची वाटणी. मूळचं रान एक, वरच्या बाजूला गाडरस्ता, खाली नाला. वाटणी करताना तिघांनाही रस्ता हवा आणि तिघांनाही नाल्यावरची मोटर हवी. मग तुकडे कसे पडणार? रस्त्यापासून नाल्यापर्यंत उभे, लांबट, पट्टीसारखे. रुंदी इतकी कमी की ट्रॅक्टर आडवा घातला तर वळायलाच जागा नाही. म्हणून नांगरट उभी, पेरणी उभी, तासं थेट नाल्याकडे तोंड करून. जूनचा पहिला मोठा पाऊस आला की प्रत्येक सरी म्हणजे एक पाट. माती खाली जाते, खत तिच्याबरोबर.

कृषी गणनेचे आकडे ह्या रानात उभं राहून वाचावेत. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका वहितीखातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती; २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. आपण हे वाचतो ते शेतकरी गरीब झाला म्हणून. जमिनीचा आकार बदलला तसा तिचा उताराशी असलेला संबंधही बदलला, हे कुणी मोजलेलं नाही. ह्याच रानात बहात्तरच्या दुष्काळात घातलेला एक जुना बांध होता. तो आडवा, तिन्ही पट्ट्यांतून जाणारा. मधल्या भावानं तो नांगरून टाकला. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, कारण त्याच्या चिंचोळ्या पट्टीत त्या बांधानं खाल्लेली जागा त्याला रोज दिसत होती, आणि बांधानं अडवलेली माती दिसत नव्हती.

आता थोरल्याला बांधबंदिस्ती हवी आहे. अर्ज त्याचा, सातबारा त्याचा, बांध त्याच्याच पट्टीत. पण पन्नास-साठ फूट रुंदीच्या पट्टीत आडवा बांध घातला तर पाणी त्याच्या टोकाला वळसा घालून शेजारच्या पट्टीतून जाणार आणि तिथं घळ पाडणार. जमीन काळी, खोल. इथं पाणी तुंबवून चालत नाही, पिवळं पडतं पीक. इथं ढाळीचा बांध लागतो, म्हणजे हलक्या उतारानं पाणी एका कडेला नेणारा आणि शेवटी दगडी सांडव्यातून सोडणारा. तो सांडवा येतो धाकट्याच्या पट्टीत. धाकटा म्हणतो, "त्याचं पाणी माझ्यात कामून?"

पाणी सातबारा बघून वाहत नाही, अनुदान मात्र सातबारा बघूनच येतं. पंधरा-वीस वर्षांत आमच्या योजनांचा तोंडवळा बदलत गेला तो असा. पूर्वी पाणलोट घ्यायचा, माथा ते पायथा: आधी टेकडीवर सलग समतल चर, मग रानातले बांध, मग नाल्यात माती आणि सिमेंटचे बंधारे, शेवटी विहीर. जालन्याचंच कडवंची घ्या. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या कृषी विज्ञान केंद्रानं तिथं नव्वदच्या दशकात क्रमानं हीच कामं केली, आणि पुढं ते गाव द्राक्षांसाठी ओळखलं जाऊ लागलं. आता तिथली शेततळी बघायला लोक गाड्या करून येतात. तळी दिसतात, त्याआधी शिवारभर घातलेले बांध कुणाच्या फोटोत येत नाहीत.

पाणलोटाच्या योजना आजही आहेत. केंद्राच्या पंतप्रधान कृषी सिंचन योजनेतल्या पाणलोट घटकाला २०२१ नंतर सपाट भागात हेक्टरी २२ हजार आणि अवघड भागात २८ हजार रुपयांपर्यंत धरलेत. त्यातूनच प्रशिक्षण, उपजीविका, कार्यालयाचा खर्चही भागवायचा. म्हणजे एका मोठ्या शेततळ्याच्या पैशात तीन हेक्टर शिवार माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधता येतं. पण पाणलोट घटक मोजक्याच गावांत आणि व्यक्तिगत लाभ सगळीकडे. माझ्या चारपैकी एकच गाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या पोकऱ्यात आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानं २०१८ ला तो सुरू झाला. शिवेच्या अलीकडचा शेतकरी रोज विचारतो, "त्यांना पोकरा, आम्हाला काय?"

दोघं भाऊ तयार होतात. धाकट्याला विचारायला संध्याकाळी पारावर या म्हणते.

सकाळी साडेअकरा

ग्रामपंचायतीत टेबल मांडून बसते. इथं पाणी-माती नाही, नुसते कागद.

पूर्वी महाडीबीटीवर अर्ज आले की सोडत निघायची. २०२५ पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’. ऐकायला बरं वाटतं. पण सोडत आंधळी होती, तिला कुणाकडे रेंज आहे आणि कुणाचा पोरगा तालुक्याला शिकतो ते दिसत नव्हतं. आता ज्याचे कागद नीट आणि ज्याच्या घरात मोबाईल हाताळणारं माणूस आहे, तो पुढं. सोडत परत आणावी असं मला वाटतं. निदान एक हेक्टरच्या आतल्यांसाठी वेगळी रांग तरी हवी.

मावशी सकाळपासून बसलेल्या. दोन एकर, मुरमाड. त्यांना तलावातला गाळ टाकायचाय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत लहान आणि अत्यल्पभूधारकाला गाळ वाहून पसरण्यासाठी एकरी १५ हजार, अडीच एकरांपर्यंत म्हणजे जास्तीत जास्त साडेसदतीस हजार रुपये मिळतात. विधवा शेतकरी महिलाही त्यात बसतात. मला विचाराल तर सगळ्या योजनांत ही सरळ. तलावाची साठवण वाढते, हलक्या रानाला काळी माती मिळते, आणि मोजायला ट्रॅक्टरच्या खेपा असतात.

पण सातबाऱ्यावर मावशींच्या मालकांचं नाव होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. वारसाची नोंद झाली तेव्हा सहा नावं चढली: मावशी, दोन मुलं, तीन मुली. एक मुलगा पुण्यात कंपनीत, एक मुलगी मुंबईला, बाकीच्या आपापल्या सासरी. रान मावशी आणि धाकटा मुलगा कसतात. सामाईक खात्यात एकाला लाभ द्यायचा तर बाकीच्यांची संमती लागते. आणि २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढला, तर त्यात मावशींच्या आधारवरचं नाव एक आणि सातबाऱ्यावरचं दुसरं. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि लाडकं नाव, अशा तीन बायका एका मावशींत आहेत आणि संगणकाला त्यातली एकही ओळखत नाही.

"पोराला फोन लावा मॅडम, तुमचं ऐकल."

पुण्याला फोन लावते. तो म्हणतो, दिवाळीला आलो की सही करतो. दिवाळीपर्यंत तलावात पाणी असेल.

दुपारी १

डबा. ऊन. गावातल्या शाळेचं नळकोंडाळं चालू आहे.

दुपारी दीड

ठिबकाची मोका तपासणी. लहान आणि अत्यल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचे पूरक २५, असं मिळून ८० टक्के अनुदान. दोन हेक्टरच्या वरच्यांना ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. कागदावर लहान शेतकरी पाच टक्क्यांनी पुढं आहे. रानात तो मागं का, ते ह्या दादांच्या ओसरीवर कळतं. पूर्वसंमती आल्यावर संच आधी स्वतःच्या पैशानं घ्यायचा, जोडायचा, पक्कं बिल चढवायचं, मग आम्ही तपासायचं, मग पैसे खात्यात. ते ८० टक्केही सरकारनं धरलेल्या मापदंडाचे, दुकानदारानं लावलेल्या भावाचे नव्हेत. दहा एकरवाला हे पैसे बँकेतून काढतो. दीड एकरवाला दुकानदाराकडून उधार घेतो आणि उधारीचा भाव वेगळा असतो. अनुदान लांबलं की तेवढ्या महिन्यांचं व्याजही त्याचंच. शेवटी हाती पडतं ते ८० टक्क्यांपेक्षा बरंच कमी, आणि हा फरक कुठल्याच अहवालात येत नाही.

दादांचा संच खराखुरा आहे. नळी शेवटच्या टोकाला सोडून बघितली, पाणी जोरात आलं. गाळणीत कचरा होता, ती धुवायला लावली. असे संचही बघितलेत जे फोटो निघाला की गुंडाळून माळ्यावर जातात. त्यामागे लबाडी असते तशी विजेची रात्रपाळीही असते. रात्री बाराला येणारी वीज पहाटे जाते, आणि तेवढ्यात पाटानं पाणी सोडून मोकळं झालेलं बरं वाटतं.

दुपारी ४

तालुक्याला आढावा बैठक. खोलीत पंखा एक, रकाने अनेक. पूर्वसंमती किती, काम पूर्ण किती, बिल अपलोड किती, प्रलंबित का. साहेब वाईट नाहीत. त्यांनाही वरून सहा वाजता हेच विचारणार. पण ह्या रकान्यांत तळी मोजली जातात, तळ्यात सप्टेंबरला पाणी किती होतं ते नाही. फळबागेचं त्यातल्या त्यात बरं. भाऊसाहेब फुंडकर योजनेत पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात आणि झाडं जगली तरच पुढचा हप्ता. बांधाला अशी अट घातली, तिसऱ्या पावसाळ्यानंतर तो जागेवर असेल तर उरलेले पैसे, तर मधल्या भावानं तो नांगरला नसता. हे मी बैठकीत बोलले. साहेब म्हणाले, सूचना चांगली आहे, आधी प्रलंबितचा आकडा खाली आणा.

संध्याकाळी साडेसहा

पारावर तिघं भाऊ आलेत, वरचा रानवाला आणि खालचाही. एका उतारावरचे पाच खातेदार, मिळून सात-आठ एकर. चुन्यानं पाराच्या फरशीवरच उतार काढते. बांध दोन, पाचही रानांतून सलग. सांडवा धाकट्याच्या पट्टीत, पण दगडात, आणि त्याच्या खाली नाल्याकाठच्या पडक्या विहिरीजवळ एक लहान तळं, तेही धाकट्याच्याच नावावर. ज्याच्या रानातून पाणी जायचं त्याला पाण्याचा वाटा.

धाकटा बराच वेळ फरशीकडे बघतो. "आणि पेरणी?"

पेरणी आडवी. पट्ट्या अरुंद असल्या तरी पाचही जणांनी एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरनं, रुंद वरंबा सरी यंत्रानं पेरायचं; मधली शीव दगडानं दाखवायची, धुरा नांगरायचा नाही. यंत्र गावातल्या गटाकडे आहे. ह्याला अनुदान लागत नाही, ह्याला पाच जणांचं एकमत लागतं, आणि ते जमवायला माझ्या कामाच्या यादीत रकाना नाही. वरच्या रानवाल्याला बियाणं वेगळं पेरायचंय, खालच्याची सोयरीक मधल्याशी बिघडलेली. साडेआठपर्यंत चार जण हो म्हणाले. पाचवा "घरी विचारतो" म्हणाला.

रात्री साडेनऊ

घरी रेंज आहे. सकाळच्या आखणीचे फोटो, अक्षांश-रेखांशासह, आता वर चढवते. उद्या सकाळी दुसऱ्या गावात मशिन येणार.

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण गाव सोडून शहरात आले असतील. गावाकडच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल आणि रान भाऊ किंवा आई कसत असेल, तर दिवाळीची वाट बघू नका. सगळे वारस एकत्र येऊन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. ते जमत नसेल तर निदान संमतिपत्र सही करून पाठवा. वाटणी करताना रान उभं कापू नका. रस्ता आणि पाणी सगळ्यांचं सामाईक ठेवून तुकडे उताराला आडवे पाडा. आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय भावाला खोदायला लावू नका, आधी केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत.